मळी म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुना झारा आहे. लगेच डोळ्यांना रुमाल लावू नका. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू शेवटी रडतात, हे मला ठाऊक आहे. छत्री रडते, फाटकं पुस्तक रडतं, बंद पडलेलं घड्याळ तर सुरुवातीपासूनच रडतं. मी रडणार नाही. ज्या माणसांबद्दल मला सांगायचं आहे त्यांची मला किळस येते, आणि किळस आली की रडू येत नाही.

माझा जन्म कोल्हापुरात चमनचाचांच्या पत्र्याच्या दुकानात झाला. जाड पत्रा, परातीएवढा घेर, खिळ्याने ठोकून पाडलेली भोकं आणि मागे लांब बांबूचा दांडा. भोकांच्या मापाबाबत चाचा फार हट्टी होते. रस गळाला पाहिजे आणि मळी राहिली पाहिजे, एवढंच ते गिऱ्हाइकाला सांगत. माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात झालं.

तिथून मी विजयसिंहांच्या गुऱ्हाळावर गेलो. काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस तापला की आण्णा, म्हणजे तिथला गुळव्या, त्यात भेंडीचं पाणी ओतायचा. रसातली घाण फेस धरून वर यायची. तिला मळी म्हणतात. मी ती अलगद उचलायचो. रस गळून काहिलीत परत जायचा, मळी माझ्यावर राहायची. पाहुणे गरम गूळ खाऊन रंगाचं कौतुक करायचे, तेव्हा आण्णा माझ्याकडे बोट दाखवायचा. मला ते आवडायचं, उगाच लपवत नाही. पुढे विजयसिंहांनी चकचकीत स्टीलचा झारा आणला. त्याची भोकं यंत्राने पाडलेली होती आणि अक्कलही त्याच यंत्राने दिलेली असावी. त्याच सुमारास काहिलीखालच्या चुलवाणाचा धूर आण्णाच्या डोळ्यांना सोसेना. त्याने गुऱ्हाळ सोडलं, मला मागून घेतलं आणि आम्ही दोघं नोकरीला लागलो.

नोकरी मिळाली ती जवळच्या एका नगरपालिकेच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात. गावाचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की माणसं सुधारत नाहीत, नुसती चिडतात. तिथे सांडपाणी आधी एका हौदात येतं. त्यावर तरंगणारं तेल आणि चरबी काढायची, मग पाणी मोठ्या टाकीत सोडायचं. त्या टाकीत डोळ्यांना न दिसणारे किडे उरलेली घाण खातात, आणि निवळलेलं पाणी ओढ्यात जातं. ओढ्याच्या खालच्या अंगाला आण्णाचं गाव आहे, विजयसिंहांचं गुऱ्हाळही तिथलंच. गावाची पिण्याची विहीर ओढ्याला अगदी लागून आहे. टाकीतले किडे मेले, तर घाण त्या विहिरीत उतरणार.

तेल काढायला तिथे एक यंत्रही होतं. पट्टा तुटल्यापासून ते हललेलं नाही. तरी दर दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडतो, हळदकुंकू वाहतात आणि साहेब शेजारी उभं राहून फोटो काढून घेतात. काम मात्र मी करायचो. मला हार नको होता, पण त्याला तो कशाबद्दल, हे कुणीतरी सांगावं.

घराघरांतून यायचं ते भज्यांचं तेल, खरकट्याचा चिकटा. पाण्यात त्याचे गोळे व्हायचे आणि ते माझ्यावर राहायचे. आण्णा त्यालाही मळीच म्हणायचा, जिभेला तसं वळण पडलेलं. मला ते खटकायचं. पण वाद घालायला मला तोंड नाही, नुसती भोकं आहेत.

मग कारखान्याचं तेल येऊ लागलं. शहराबाहेरच्या एका शेडात लोखंड कापतात, तिथलं हे वापरून काळं झालेलं तेल. त्याची रीतसर विल्हेवाट लावायला खर्च येतो. मालकाने सोपा मार्ग काढला. टँकर न्यायचा, रस्त्यावरच्या गटाराचं झाकण उचलायचं, पाइप सोडायचा आणि घरी जाऊन फिल्टरचं पाणी प्यायचं. ह्याच गृहस्थांनी पर्यावरण दिनाला आमच्या आवारात रोप लावलं होतं. रोप कधीच वाळलं, त्यांच्या नावाची पाटी अजून टवटवीत आहे.

एका दुपारी सगळा हौद काळा झाला. आण्णाने मला बुडवून उचललं. माझ्यावर काहीच राहिलं नाही, सगळं भोकांतून गळून गेलं. शेजारी एक रिकामा हौद होता, नको ते पाणी अडवून ठेवायला. पण तो साहेबांना विचारल्याशिवाय उघडायचा नाही, असा नियम. साहेब म्हणजे इंजिनियर धैर्यशील. ते एका बारशाला जेवत होते. आण्णाने फोन लावला.

"सायेब, मळी लई आलीया. अडवू का सोडू?"

साहेबांच्या लेखी मळी म्हणजे साखर कारखान्यात साखर काढल्यावर उरणारा गोड चिकट पाक. हंगाम सुरू झाला होता, कुठेतरी सांडली असेल, असं त्यांना वाटलं. पानावरून उठून बघावं, असं काही वाटलं नाही.

"सोडा की आण्णा. गोड असतंय, किडे खातील."

आण्णाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे पाहिलं आणि मोठ्या टाकीचं दार उघडलं. दुसऱ्या दिवशी टाकीवरचा तपकिरी फेस गेला, पाणी काळं पडलं, कुजका वास सुटला. किडे मेले होते. काळं पाणी ओढ्याने गावाला पोचलं आणि विहिरीवर तेलाचा तवंग आला. बायका पाण्याच्या टँकरची वाट बघत उन्हात घागरी मांडून बसल्या. त्यांत आण्णाची सूनही होती.

चौकशी झाली. मळी आली होती, असं ठरलं. साखर कारखाना मोठा, त्याला विचारायची कुणाची छाती? म्हणून विजयसिंहांचं गुऱ्हाळ बंद केलं. ते ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे. तिथली मळी चढ चढून वर आमच्या हौदात कशी आली, हा प्रश्न त्या सगळ्या शहाण्यांपैकी एकालाही पडला नाही.

आण्णाला राहवेना. तो साहेबांकडे गेला, ती मळी नव्हती, तेल होतं, आपल्याच तोंडून चुकीचा शब्द गेला, असं म्हणाला. साहेबांनी मान वर केली नाही.

"असू द्या मळीच, आण्णा. तेल म्हटलं की मालकाचं नाव घ्यावं लागतंय."

तेव्हा आण्णाने हौदात उरलेलं काळं तेल बादलीभर घेतलं, मला खांद्यावर टाकलं आणि गुऱ्हाळ गाठलं. विजयसिंह थंड चुलवाणापाशी बसले होते. तोडून आणलेला ऊस बाजूला वाळत होता. आण्णाने मला बादलीत बुडवून त्यांच्यासमोर धरलं. काळी धार गळत राहिली आणि मी रिकामा झालो.

"मालक, मळी असती तर झाऱ्यावर ऱ्हायली असती. चला, चौघांत दावू."

विजयसिंहांनी ती धार पाहिली. गुऱ्हाळात जन्म गेलेला माणूस, त्यांना वेगळं समजावायला नको होतं.

"दिसतंय की, आण्णा. पर त्या शेडात आमचा पोरगा आदर्श कामाला हाय. मळीच म्हणा."

मला शेडाच्या मालकाची किळस होतीच, साहेबांचीही होती. त्या दिवशी विजयसिंहांचीही आली, आणि ती सगळ्यांत जास्त लागली. आण्णाने बादलीवर झाकण घातलं. गुऱ्हाळाच्या जमिनीवर त्याने एक थेंबही सांडू दिला नाही.

आता टाकीत दुसरीकडून किडे आणून सोडले आहेत, विहीर उपसली आहे, गुऱ्हाळही सुरू झालं आहे. काळ्या तेलाचा टँकरही पूर्वीसारखाच गटारावर येतो. आण्णा मात्र फोन लावत नाही. मला बुडवतो, उचलतो, मोठ्याने "त्याल" म्हणतो आणि रिकामा हौद उघडतो. फक्त तो हौद आता रिकामा राहिलेला नाही, काठाला आला आहे.

म्हणून मित्रांनो, मला घासा, पुसा, उन्हात वाळवा, असली विनंती मी करणार नाही. तुमच्या घरातलं कुणी अशा शेडात कामाला असेल, तर जेवताना त्यांना विचारा, आज गटारात काय सोडलं? ते मळी म्हणाले, तर बादली घेऊन माझ्याकडे या. मी मळी तेवढी धरतो. दुसरं काही धरायचं म्हटलं तरी मला जमणार नाही, चमनचाचांनी भोकंच तशी पाडली आहेत.