विनीतचं जुनं व्हील

कावळ्याला दिलेला शब्द मोडायचा नसतो, हे वर्षालीला कुणी शिकवायला नको होतं. दहा महिने तो शब्द तिच्या मानगुटीवर बसलेला.

विनीतचा, म्हणजे तिच्या मोठ्या भावाचा, दहावा कोपरच्या खाडीकाठी झाला. सव्वीस वर्षांचा धडधाकट मुलगा डेंग्यूने आठ दिवसांत नेला, त्यावर बोलायचं तरी काय! पिंड मांडले, सगळे मागे सरकले, आणि कावळे बसले झाडावर मजा बघत. एक खाली येईल तर शपथ. नाथामामा हात जोडून म्हणाला, "विनीत, तुझ्या आईला मी बघेन रे." कावळे ढिम्म. "वर्षालीचं लग्न मी लावून देईन." छे! ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी नाइलाजाने दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा वर्षाली पुढे झाली आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली, "दादा, तुझं नवीन व्हील आणते. पेडल्ससकट. शब्द देते." तिचं बोलणं संपतं न संपतं तोच एक कावळा फडफडत खाली आला आणि पिंडाला चोच मारून उडाला.

नंतर लोक कुजबुजले, की पोराचा जीव खेळण्यात अडकलेला. खेळणं म्हणे! त्यांना काय कळणार, कप्पाळ. विनीत रोज संध्याकाळी सातला कामावरून आला की टेबलाला आवळून बसवलेल्या त्या स्टिअरिंगपुढे बसायचा आणि कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचा. व्हील अगदी शिकाऊ पोरांचं, स्वस्तातलं. पेडल्स प्लॅस्टिकची. जोरात ब्रेक मारला की लादीवरून पुढे पळायची, म्हणून त्याने त्यांच्या पुढ्यात, भिंतीला टेकवून, आईचा जेवायचा पाट अडकवलेला. ब्रेक फार मऊ, म्हणून त्याच्याखाली टेनिसचा चेंडू अर्धा कापून बसवलेला. "असा जुगाड किती दिवस चालवणार यार," असं तोच म्हणायचा. हॉस्पिटलमध्ये शेवटचं धड बोलला तेही हेच: "बरा झालो की पहिलं व्हील बदलणार."

त्या व्हीलची एक खोड होती. चालू केलं की ते आपलं आपण डावीकडे पूर्ण फिरायचं, मग उजवीकडे, मग मध्ये येऊन थांबायचं. खर्रर्र, खर्रर्र, खट्ट. तो आवाज ऐकला की आई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायची.

तो गेल्यावर वर्षालीने स्वतःच्या हाताने प्लग काढला आणि वायर गुंडाळून ठेवली. तिसऱ्या महिन्यात एक दिवस ती घरून काम करत होती. सात वाजले आणि आतल्या खोलीतून आवाज आला. खर्रर्र, खर्रर्र, खट्ट.

ती धावत गेली. खोलीत कुणी नाही. वायर तशीच गुंडाळलेली. व्हीलला हात लावला तर ते गरम, आत्ताच कुणी धरून उठल्यासारखं. स्वयंपाकघरात आई पाठमोरी उभी होती, ती काही बोलली नाही, म्हणून वर्षालीही बोलली नाही. आधीच पोळलेल्या बाईला आणखी कशाला घाबरवायचं?

मग दर दोन-चार दिवसांनी, ती सातला घरी असली की, ते ऐकू यायला लागलं. वर्षालीला त्याचा अर्थ लख्ख दिसत होता. दादा अडकलाय. सगळ्यांसमोर बोललीस ना, मग आण की! वर्षश्राद्धाच्या आत शब्द पुरा करायचा आणि त्याला मोकळं करायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात राहिलं. त्यापायी तिची झोप उडाली, जेवण उडालं.

कोलशेतचा सम्यक तिला ऑनलाइन सापडला. तो जुने सेट घेऊन नवीन बसवून द्यायचा. तिने मुद्दाम तो रविवार धरला, जेव्हा आई शेजारच्या बायजाकाकूंबरोबर टिटवाळ्याला गणपतीला गेलेली.

"चालवणार कोण, ताई?" सम्यकने विचारलं.

"दादा," वर्षाली म्हणाली. जीभ जराही अडखळली नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

सम्यकने वाकून ब्रेकखालचा चेंडू बघितला. पार चपटा झालेला. "बाप रे, दादा ब्रेकला लाथा घालतात काय! त्यांना हेच पाहिजे होतं बघा. जुन्यात पाय किती खाली गेला ते मोजतात, ह्यात जोर किती लावला ते. एकदा पायाला सवय झाली ना, की डोळे मिटून बरोब्बर ब्रेक लागणार."

"आणि व्हील?"

"ह्याची मोटर डायरेक्ट दांड्याला आहे. गिअर नाही, खडखड नाही. चालू केलं तरी कळणार नाही तुम्हाला."

दोन तासांत त्याने सगळं बसवलं. जुनं व्हील, पेडल्स, चपटा चेंडू, सगळं खोक्यात भरून घेऊन गेला. वर्षालीने पाट धुऊन स्वयंपाकघरात भिंतीला टेकवला. नवीन व्हीलला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं आणि मग मात्र ती धाय मोकलून रडली. सुटलास रे दादा, सुटलास एकदाचा.

आई साडेसहाला आली. प्रसाद ठेवायला आत गेली आणि तिथूनच ओरडली, "हा पाट इथे कसा?"

वर्षालीने तिला हाताला धरून खोलीत नेलं. आईने नवीन व्हीलकडे धड बघितलंसुद्धा नाही. "जुनं कुठाय?"

"दिलं. अगं, कावळ्यासमोर बोललेले ना मी."

आई पलंगावर बसली. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले. सात वाजून पाच झाले. नवीन व्हील गप्प, दिमाखात उभं.

"आला नाही," आई म्हणाली.

वर्षाली गर्रकन तिच्याकडे वळली. "तुला पण ऐकू यायचं?"

"मग रोज दोन कप चहा कुणासाठी टाकायचे मी? तू तर कॉफी पितेस."

"अगं पण त्याची इच्छा होती! मी बोलले आणि कावळा शिवला, सगळ्यांनी बघितलं."

"तू मोठ्याने बोललीस." आई म्हणाली. "मी त्याच घडीला मनात बोलत होते. म्हटलं, विनू, कुठे जाऊ नकोस रे. सातला घरी येत जा. आणि कावळा शिवला."

कावळा कुणाच्या शब्दाला खाली आला, हे विचारायचं वर्षालीला कधी सुचलंच नव्हतं.

फोन वाजला. सम्यकचा. तिने घाबरून स्पीकर लावला.

"ताई, सॉरी हां. दादांना जरा विचारता का, त्या जुन्या व्हीलला काही प्रॉब्लेम होता का?" तो हसायला बघत होता, पण हसू काही येत नव्हतं. "म्हणजे, आत्ता खोक्यातून बाहेर काढून ठेवलेलं फक्त. वायर पण लावली नाही. आणि ते फिरलं. डावीकडे, उजवीकडे, आणि खट्ट. आणि ब्रेक... ब्रेक दाबलेलाच राहिलाय, ताई. सुटतच नाहीये."

आई उठली. स्वयंपाकघरात गेली, आधण ठेवलं, थर्मास विसळला. वर्षाली दारात येऊन उभी राहिली तरी तिने वळून बघितलं नाही.

"पोराला परक्या घरी नेऊन बसवलंस," ती साखर घालता घालता म्हणाली. "चप्पल घाल आणि रिक्षा बघ. कोलशेतला पोचेस्तोवर साडेआठ होतील, आणि त्याने अजून चहा घेतलेला नाही."