शेवट पुढच्या खेपेला

"भुतं चालतील का?" सिस्टरने सुई टोचता टोचता अण्णांना विचारलं.

"मला आता काहीच चालत नाही. मूत्रपिंडंसुद्धा."

"मग भुतंच बघा. कोरियन आहेत. उगीच दारं वाजवत नाहीत, आधी घरच्यांची दुखणी बाहेर काढतात."

शेजारच्या खुर्चीत मी. माझंही रक्त तसंच यंत्रातून फिरत होतं. हलायची सोय नाही, तेव्हा माणसं न्याहाळण्याखेरीज उद्योग नव्हता.

अण्णांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. तो दाबून दाबून उजव्या पायाला अशी खोड जडलेली, की पडद्यावरची गाडी वळणावर आली तरी चादरीखाली पाय दाबला जायचा.

त्या सकाळी त्यांनी लेकीला सांगून टाकलं होतं, की ही शेवटची खेप. सुया पुरे झाल्या. लेक कोपऱ्यात डोळे पुसत बसली होती. सिस्टरने वाद घातला नाही. चाकांच्या स्टँडवरचा, वॉर्डातला एकुलता एक पडदा ढकलत आणला, सिनेमा लावला, आणि भुताचा हात कपाटाच्या कडीवर असताना बंद केला.

"अहो! कपाटात कोण आहे?"

"शेवट पुढच्या खेपेला. इथला नियम आहे."

नियमबियम काही नव्हता. माझ्या सिनेमांचे शेवट ती मुकाट दाखवायची. माणूस बघून नियम काढणारी बाई!

पुढच्या खेपेला अण्णा आले. "फक्त कपाटासाठी आलोय," असं दारातूनच बजावलं. कपाटाचा निकाल लागला, आणि उरलेल्या वेळात सिस्टरने एक खुनाचा तपास सुरू करून दिला. अर्थात, अर्धा.

सिनेमा सुचवणं हे तिचं औषध देण्यासारखं चालायचं. रक्तदाब चढलेल्याला पाठलाग वर्ज्य. त्याला घरगुती काहीतरी: भांडखोर भाऊ, अबोल बाप. मलूल झालेल्याला गुप्तहेर. चिडक्या बँक मॅनेजरला तिने राजवाड्यातली कारस्थानं दिली, तर तो खूश होऊन म्हणाला, "डिट्टो आमचं हेड ऑफिस!" मला विनोदी. का, तर "तुम्ही नुसते आम्हाला हसता, जरा परक्यांनाही हसा." फसली ती एकदाच. वकीलबाईंना कोर्टाचा सिनेमा दिला, आणि त्या हात उगारून असा युक्तिवाद करू लागल्या की यंत्रच बोंबलायला लागलं.

आता तिथे खुर्चीगणिक पडदा आहे म्हणतात. कानात इअरफोनची बोंडं घातली की कुणी कुणाला काही सुचवायला नको.

अण्णा येत राहिले. युद्ध झालं, दरोडे झाले. मधल्या काळात नात चालायला लागली. ते अण्णांना बघायला मिळालं. माझ्या हिशेबात ही जमा सिस्टरच्या नावावर.

"एकच प्रकार राहिलाय," एके दिवशी ती म्हणाली. "प्रेमाचा."

"या वयात?"

"या वयातलाच आहे."

म्हातारा-म्हातारी. तिला विसर पडत चाललेला, आणि तो तिला समुद्र दाखवायला गाडीतून नेतोय.

"हिला मी गाडी शिकवलीच नाही," ते मला म्हणाले. "म्हणायची, तुम्ही नुसते ब्रेक मारता. शिकू कशी?" बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

सिस्टर सिनेमा थांबवायला उठली.

"आज शेवट दाखवा, सिस्टर."

"अण्णा, नियम..."

"नियम! ह्यांना दाखवता की दर वेळी." त्यांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "पहिल्या दिवसापासून बघतोय. नातीसाठी चालवून घेतलं. आता खरंच पुरे. पण हे अर्धवट ठेवून जायचं नाही मला."

सिस्टरने लेकीकडे पाहिलं. लेक या खेपेला रडली नाही. उठून बापाच्या पायावरची चादर नीट केली आणि म्हणाली, "लावा सिस्टर."

सिस्टरने स्टूल ओढलं आणि अण्णांशेजारी बसली. वेळ संपली म्हणून यंत्र वाजलं, ते तिने न बघताच एका बोटाने गप्प केलं.

पडद्यावर म्हातारीने हट्टाने चाक हातात घेतलं. म्हातारा शेजारी सरकला. रस्ता उताराचा, पुढे वळण, आणि वळणापलीकडे समुद्र. गाडीने वेग घेतला.

मी चादरीकडे बघत होतो. अण्णांचा उजवा पाय हलला नाही.