पेंगणारा पाहिजे

विद्यापीठाच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत कॅमेरा मीच धरते आणि काटछाटही मीच करते. त्यामुळे कोणता प्राध्यापक किती पाण्यात आहे, हे कुलगुरूंच्या आधी मला कळतं.

मातीवाले सर मात्र माझ्या डोक्याला ताप होते. कुठली माती इमारत पेलते आणि कुठली दगा देते, हे ते इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतात. वर्गातला त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो. पण कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की हाच माणूस शोकसभेला आल्यासारखा स्लाइड वाचायला लागतो. मी दिवे बदलले, माईक बदलला, मागचा पडदा बदलला. पण आडात भरपूर असूनही पोहऱ्यात काही येईना.

शेवटी विभागप्रमुखबाई माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या, "सर, मुलं निम्म्यात व्हिडिओ बंद करतात. पुढचाही असाच गेला, तर आपण बाहेरून तयार व्हिडिओ घेऊ. तुम्ही फक्त पेपर तपासा."

बाई गेल्या. सर माईकची वायर बोटाला गुंडाळत बसून राहिले. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

"वर्गात तर नुसते गाजता, सर. इथेच काय होतं तुम्हाला?"

"अहो, वर्गात मागच्या बाकावर कोणीतरी पेंगत असतं. त्याला जागं ठेवायचं म्हणून मी बोलत सुटतो. इथे कोणाला उठवू? तुमच्या कॅमेऱ्याला?"

पेंगणारा तर माझ्या घरातच होता. माझे सासरे निवृत्त झाल्यापासून बसल्या जागी झोपतात. सासूबाईंच्या मते त्याच्याही आधीपासून. स्वतःच्या लग्नातही ते डुलक्या काढत होते म्हणे.

"बाबा, उद्या माझ्याबरोबर कामावर याल?"

"काय करायचंय?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

"मग जमेल की."

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याशेजारी त्यांची खुर्ची टाकली. सरांच्या टेबलावर काचेच्या भांड्यात ओली, भुसभुशीत वाळू होती आणि वाळूवर इमारत म्हणून एक लोखंडी वजन ठेवलं होतं. त्याचा प्रयोग शेवटी दाखवायचा होता. पहिल्या स्लाइडला बाबांची हनुवटी छातीला टेकली. दुसरीला ते घोरायला लागले. सरांचा आवाज चढला. बाबा ढिम्म.

"अहो, तिकडे इमारतीखालची जमीन हललीय आणि तुम्ही खुशाल घोरताय!" सरांनी धाडकन टेबलावर हात आपटला.

भांडं हादरलं. वाळूतून पाणी वर आलं, वजन कललं आणि बघता बघता आत गेलं.

बाबा दचकून उठले. "अरेच्चा, बुडालं की! आत्ता तर ठणठणीत उभं होतं!"

"होतं ना? मग का बुडालं?" सर स्लाइड विसरून टेबलाच्या पुढे आले. "वाळूचे कण एकमेकांना टेकून वजन पेलतात. फटीत पाणी असतं. हादरा बसला की कण सुटतात आणि सगळा भार त्या पाण्यावर येतो. पाण्यावर कधी इमारत उभी राहते का, सांगा!"

"नाही बुवा. पण मग आमच्या घराखाली काय आहे?"

मी कॅमेरा चालूच ठेवला.

व्हिडिओ पाहून विभागप्रमुखबाई म्हणाल्या, "चांगला झालाय, पण ते घोरणं काढा." मी ऐकलं नाही. मुलांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. कित्येकांनी खाली कॉमेंटमध्ये विचारलं, 'पुढच्या वेळी आजोबा आहेत ना?' बाहेरच्या व्हिडिओंचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

पुढच्या रेकॉर्डिंगला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खुर्ची पुढे ओढून ताठ बसले. मी कानाशी लागले, "बाबा, जरा पेंगा ना."

"छे! दुपारची झोप उरकून आलोय. आमच्या घराखालची माती सांगायची राहिलीय त्यांची."

सरांनी ते ऐकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "इतकी वर्षं शिकवतोय," ते मला हळूच म्हणाले, "पण माझ्यासाठी झोप उरकून कोणी आलं नव्हतं हो."

लाल दिवा लागला. सर बाबांकडे बघत नुसते उभे राहिले.

मग बाबाच उठले आणि त्यांनी टेबलावर धाडकन हात आपटला. "चला सर, जागे व्हा!"