‘बस’ म्हटलं की बसणारा

मित्रांनो, राखण करून थकलेला एक मास्टिफ कुत्रा तुमच्याशी बोलतो आहे. माझं वय साडेआठ वर्षं. या वयाला तुम्ही तिसरीत असता. माझ्या जातीत या वयाच्या कुत्र्याला म्हातारा म्हणतात. कुत्र्याचं शरीर जितकं मोठं, तितकं त्याचं आयुष्य सहसा लहान असतं.

मी दोन महिन्यांचा असताना लाकडाच्या वखारीत आलो. पुढे वखार, मागे घर. घरात मालक आणि त्यांची थोरली बहीण. तिला सगळी वखार ‘ताई’ म्हणते. माझे पंजे बघून करवत चालवणारे काका म्हणाले, “पिल्लू कसलं, कपाट आहे हे!” तेच नाव पडलं. मग गिऱ्हाईक आलं की हमखास विचारायचं, “हे कपाट सागाचं का?”

मालकांचा माझ्यावर फार जीव. पहिली चूक त्या मायेपोटीच झाली. मी लवकर मोठा व्हावा म्हणून ते मला पोट टम्म होईपर्यंत खाऊ घालत. पण आमची हाडं सावकाश वाढायला हवीत. दीड-दोन वर्षं ती कच्चीच असतात. माझं वजन पुढे धावलं आणि सांधे मागे राहिले. त्यात मी ओंडक्यांच्या ढिगावरून उड्या मारायचो आणि सगळे टाळ्या वाजवायचे.

ताईंनी मला एकच शब्द शिकवला, पण पक्का शिकवला: “बस.” तो ऐकला की बसायचं, मग बोलणारा कुणीही असो.

राखण म्हणजे चावणं नव्हे. मी फाटकापाशी उभा राहायचो आणि अनोळखी माणसाकडे बघायचो, एवढं पुरायचं. एकदा पितळी बिजागऱ्या खिशात घालून निघालेल्या माणसासमोर मी नुसता उभा राहिलो. त्याने आपणहून खिसे रिकामे केले. त्या दिवशी मालकांनी माझा फोटो काढून कचेरीत लावला.

मग मागच्या पायांत कळ येऊ लागली. उठायचं म्हणजे आधी पुढचे पाय रोवायचे आणि मागचं धूड ओढत वर आणायचं. एकदा फाटकातून ट्रक आत आला तरी मी बसलेलाच. ड्रायव्हर ओरडला, “अहो, तुमच्या कपाटाला चाकं तरी लावा!” सगळे हसले. मालक हसले नाहीत.

त्यांनी गोदामवाल्या मित्राला फोन केला. त्याला साखळीला बांधून ठेवायला, नुसता दिसायला मोठा कुत्रा हवा होता. “रविवारी घेऊन जा,” मालक म्हणाले. ते गोदाम मी पाहिलं होतं. सिमेंटची फरशी आणि वर तापलेला पत्रा.

“डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तो कुठेही जाणार नाही,” ताई म्हणाल्या.

“अगं ताई, म्हातारपणाला औषध असतं का?”

“तुझी कंबर धरते, तेव्हा तुला पाठवते का मी गोदामात?”

शनिवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझे खुबे दाबून पाहिले आणि मग एका स्टुलावर नुसत्या बसून राहिल्या. तेवढ्यात ट्रक मागे येऊ लागला. काका हात हलवत ओरडत होते, “येऊ दे, येऊ दे... बस!” मी बसलो. कसाबसा उठतो आहे तोवर ताई चहा ओतू लागल्या. काका म्हणाले, “बस बस, अर्धाच.” मी पुन्हा बसलो. मग मालक फोनवर कुणावर तरी तडकले, “आता बस झालं तुमचं!”

“अर्ध्या तासात नऊ वेळा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “याचे खुबे झिजलेत. प्रत्येक वेळी उठताना याला केवढी कळ सोसावी लागत असेल! हा आळशी नाही हो. हा तुमचं ऐकतोय.”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मालक माझ्याजवळ भुशातच बसले आणि म्हणाले, “अरे, मग सांगायचं नाही का?”

मी कसं सांगणार होतो, मित्रांनो?

त्यांनी तिथूनच फोन लावला. “कुत्रा देत नाही. नाही, विचार बदललेला नाही. विचारच आत्ता केला.”

आता ट्रकला “थांब” म्हणतात. काका अजून विसरतात आणि अर्धा शब्द गिळतात. मला मोजून, दोन वेळा जेवण मिळतं. जेवल्यावर पळू देत नाहीत, कारण आमच्यासारख्यांच्या पोटाला पीळ पडला तर जिवावर बेततं. खाली जाड गादी आहे, दुपारी सावली आहे. कळ कमी झाली, गेली नाही. झिजलेलं परत भरून येत नाही.

सकाळी ताई आणि मालक माझ्या पोटाखालून टॉवेल घालतात, एकेक टोक धरतात आणि “एक, दोन, हं!” म्हणून मला उभं करतात. कधी त्यांना उशीर होतो, कधी ती एकमेकांवर चिडतात. पण दोघंही येतात.

मित्रांनो, माझ्या जातीचं पिल्लू पाहिलं की तुम्हालाही ते हवंसं वाटेल. मोठ्यांकडे हट्ट धरण्याआधी एवढंच बघा: आठ वर्षांनी त्याला आपणहून उठता येणार नाही, तेव्हा रोज सकाळी त्या टॉवेलची दोन टोकं धरायला तुमच्या घरात दोन माणसं आहेत का? नसतील, तर त्याला आणू नका.