बाहेरच्या पाण्याची बरणी

तिनं बरणीचं झाकण फिरवलं तसा फॉर्मॅलिनचा वास नाकात शिरला. दारात उभा असलेला मोठा दीर म्हणाला,

“ती बरणी राहू दे ना. एका महिन्याची मोजणी चुकली तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“तुम्ही बोट सांभाळा, भाऊजी. मोजणी माझी.”

ती ज्या समुद्र संशोधन केंद्रात नमुने मोजायची, त्याचीच बोट दीर चालवायचा. त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे हिचा नवरा, त्याच बोटीवरून प्लवकांसाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांसाठी, जाळं टाकायचा. बरणी त्याच्या शेवटच्या फेरीतली होती. त्या फेरीत तो समुद्रात पडला आणि परत आलाच नाही. कसा पडला, हे विचारलं की दीर एवढंच म्हणे, “मी बोट जोरात वळवली. चूक माझी.” तेव्हापासून त्यानं तिच्या घरी जेवायला येणंही सोडलं होतं. तिला त्याचा राग यायचा आणि त्याची कीवही यायची.

तिनं एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

वारा सुटला की किनाऱ्याचं कोमट पाणी बाहेर लोटलं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात थोराड, तेलानं टम्म फुगलेले प्लवक असतात. मासे पोसतात ते त्यांच्यावरच. अलीकडे मात्र बाहेरच्या, खोल समुद्रातल्या बरण्यांमध्येही किनाऱ्याजवळचे किडमिडीत प्लवक दिसू लागले होते. त्यावरून घरात खडाजंगी व्हायची. किनाऱ्याजवळ वापरलेल्या जाळ्याला चिकटलेले प्लवक निघावेत म्हणून ते कठड्याबाहेर वाकून, बादल्या ओतून धुवायचं आणि मगच पुढे न्यायचं, असा नियम. नवऱ्याला त्याचा भारी कंटाळा.

“समुद्र बदलला की तुमचा आळस नडला, हे मी ओळखायचं कसं?” त्या सकाळीही ती ताडकन बोलली होती.

“जाळ्याला न्हाऊमाखू घालायला मी काय त्याची आई आहे?” असं म्हणून तो हसत निघून गेला.

भिंगाखाली एक थोराड प्लवक दिसला. मग आणखी काही, सगळे थोराडच. तिनं दुसरा थेंब घेतला, मग तिसरा. किनाऱ्याचा एकही नव्हता. ह्यांनी ऐकलं म्हणायचं आपलं, असं वाटून आधी तिला बरंच वाटलं. मग तिला बोटीचा कठडा आठवला.

“ह्यांनी जाळं धुतलं होतं, भाऊजी. कठड्याबाहेर वाकून.”

तिनं भिंगावरून मान वर केली.

“ते तुमच्या वळवण्यानं नाही गेले. माझ्या बोलण्यानं गेले.”

तो आत आला. बरणीचं झाकण त्यानं घट्ट लावलं आणि हात त्यावरच ठेवला.

“बोट उभीच होती,” तो म्हणाला. “ही बरणी भरल्यावर पुढच्या बरणीसाठी त्यानं जाळं पुन्हा धुवायला घेतलं. बादली मीच भरून दिली. म्हणाला, ‘दादा, तिला काही सांगू नकोस. बरणी उघडेल तेव्हा खूश होईल.’”