दोन नंबरच्या साहेबाचा शब्द

कडूबाचा धाकटा भाऊ धर्मराज हवाई दलाचा उपप्रमुख झाला, तेव्हा अंतरवालीच्या चौकात, चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न निघाला तो हा, की हा उपप्रमुख करतो तरी काय. कडूबालाही नीट ठाऊक नव्हतं. प्रमुख नसला की त्याची जागा सांभाळायची आणि एरवी विमानं, माणसं, सामान यांचा रोजचा मेळ घालायचा, एवढं भावाने एकदा सांगितलं होतं. टपरीवरच्यांनी मात्र आपलं उत्तर आपणच काढलं. अंबडच्या तहसिलीत तहसीलदार नुसती सही करतो आणि काम नायब करून देतो, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणजे धर्मराज हा विमानांचा नायब, आणि आता सगळं त्याच्याच हातात.

कडूबाने मान डोलावली. साठीला टेकलेला माणूस, उभा जन्म कापसात गेलेला. आता लोक त्याला उठून जागा देऊ लागले, बोलताना आवाज खाली आणू लागले. कुणाला गोड लागणार नाही?

गोजरबाई त्याच्या शेजारची विधवा. तिची तीन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून चौथ्याचं नाव कचरू ठेवलं आणि तो जगला. एकोणीस वर्षांचा झाला. हवाई दलाच्या भरतीत पळण्याच्या परीक्षेत तो एकदा थोडक्यात हुकला होता. दुसरी भरती जवळ आली तशी गोजरबाई कडूबाच्या दारात येऊन उभी राहिली.

"आबा, साहेबांच्या कानावर घाला की."

कडूबाने खरंच पत्र टाकलं. चार ओळींचं उत्तर आलं. 'दादा, भरतीत मी कुणासाठीही शब्द टाकत नाही, टाकणारही नाही. मुलाला रोज पळायला सांगा.'

कडूबाने पत्र दोनदा वाचलं आणि लोखंडी पेटीत, कपड्यांच्या खाली दाबून ठेवलं. भावाने भावालाच वाटेला लावलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"सांगितलंय त्याला," तो कचरूला म्हणाला. "तू निस्ता जाऊन उभा राह्य. बाकी वरून बराबर होतंय."

पहाटे वडीगोद्रीच्या रस्त्याने पळायला जाणारा कचरू त्यानंतर घरी झोपू लागला. कडूबाला ते दिसत होतं. तो काही बोलला नाही. भरतीच्या मैदानावर तिसऱ्या फेरीत कचरू कोसळला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला.

तेरावा होऊन आठ दिवस झाले आणि धर्मराज सुट्टीवर आला. कचरू गेल्याचं ऐकून, हातपाय न धुताच गोजरबाईकडे निघाला. कडूबाला बरोबर जावंच लागलं. त्या घरात आपलं पितळ उघडं पडणार, हे त्याला चालताना कळत होतं.

गोजरबाई धर्मराजच्या पायावर वाकली. "साहेब, तुम्ही आमच्यासाठी शब्द टाकलता. तुमचे उपकार हायेत."

धर्मराजने भावाकडे पाहिलं. कडूबाची नजर जमिनीत. भावाला सगळं समजलं, आणि तरी त्या खऱ्या माणसाने तिच्यासमोर त्याची अब्रू राखली.

"हो," धर्मराज हळूच म्हणाला. "टाकला होता."

"मंग त्यायनी त्याला पळवलं कशाला?" गोजरबाईने तोंड वर केलं. "तुमचा शब्द व्हता, तरी मरोस्तोवर पळवलं?"

सगळ्या देशाच्या विमानांचा मेळ घालणारा माणूस मातीच्या भुईवर खाली मान घालून बसला. कडूबाला ते बघवेना. माझं पाप याच्या डोक्यावर का, असं त्याला आतून वाटलं आणि रडू फुटलं.

"बाई, त्याला बोलू नका," तो म्हणाला. "त्यानं कुणाला सांगितलं न्हाई. मला साफ नाही म्हणून लिहून कळवलं व्हतं. मीच तुमच्याशी खोटं बोललो."

ती ओरडेल, चप्पल काढेल, असं कडूबाला वाटलं. मारलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

गोजरबाईने एवढंच विचारलं.

"म्हंजी शब्दच नव्हता?"

"नव्हता."

"त्या दिवशी ताप व्हता त्याला," ती म्हणाली. "अंग भाजत व्हतं. म्हणला, आये, पुढच्या बारीला जातो. मी म्हणलं, एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द वाया जाईन. मीच उठवलं, आबा. पांघरूण ओढून मीच उठवलं त्याला."