मोकळी जोडी

हनुमंत लाइनमन रस्त्याकडेचा टेलिफोनचा डबा बंद करणार, तोच शहिस्ताने त्याच्या दारावर हात ठेवला. कडेवर तान्ही महेक होती. लेकीला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं शहिस्ताच्या जिवावर यायचं.

"भाऊ, लाइन द्यायला तारांची मोकळी जोडी नाही म्हणता. मग ही गुंडाळून ठेवलेली कुणाची?"

तांब्याच्या तारांच्या त्या जंजाळात एक जोडी कुठंच न जोडता नीट गुंडाळून ठेवली होती.

"ती खराब हाय, वहिनी."

"खराब, की कुणा बंगलेवाल्यासाठी राखलेली?"

कामशेतच्या या कडेच्या आळीत मोबाइलची रेंज येते-जाते, फायबरचं तर अजून नावही नाही. सोमवारपर्यंत घरी तारेचं इंटरनेट आलं नाही, तर कंपनीने पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायला सांगितलं होतं. म्हणजे महेक दिवसभर सासूबाईंकडे.

"तुमचा तो फोन लावून दाखवा. माझ्यासमोर."

हनुमंतने कमरेचा तपासणीचा फोन काढला, तारांपाशी नेला आणि न लावताच पुन्हा कमरेला अडकवला.

"चहापाणी हवंय का? तसं सरळ बोला की."

"चहा तर तुमच्याच घरी पितोय लय दिवस," तो पुटपुटला. "मला मधी घेऊ नका, वहिनी. शमीममावशींनीच सांगितलंय, जोडी न्हाई म्हन."

"अम्मींनी? का?"

"म्हनल्या, जाऊ दे सुनंला हापिसात. तेवढीच नात माज्या मांडीवर यील."

शहिस्ताने महेकचं टोपडं उगाच सारखं केलं. ते सरकलं नव्हतं.

"जोडा," ती म्हणाली.

दुपारी मोडेमचे हिरवे दिवे लागले. शमीम स्वयंपाकघराच्या दारातून ते बघत होत्या.

"आली वाटतं लाइन," एवढंच म्हणाल्या.

"हो. कामाला बसते मी." शहिस्ताने महेकला पुढे केलं. "अम्मी, हिला घेता?"

शमीम मोरीकडे गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊन आल्या.

शहिस्ता त्यांच्याकडे पाठ करून टेबलाशी बसली. लॅपटॉपचा पडदा अजून काळाच होता. त्यात सासूबाईंची मांडी दिसत होती, आणि हवेत झाडलेली दोन इवली पावलं. चालू करायच्या बटणावर बोट ठेवून, ते न दाबता ती तशीच बसून राहिली.